धक्का कोणी दिला?

शाळेत पोरं त्यांना 'धक्का सर' म्हणत. तोंडावर नुसतं सर. पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण विषय सुटला नाही. माणसाला स्वातंत्र्य वगैरे असतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. वस्तू आपणहून दिशा बदलत नाही, बाहेरून जोर लागतो; माणूस ही वस्तूच, फक्त बोलकी. सगळे जोर मोजता आले की समाजाचं पुढचं शतक आजच मांडता येईल, असं ते दाढी करून घेताना न्हाव्याला सांगत. वस्तरा न्हाव्याच्या हातात असूनही 'हो, हो' तोच म्हणे.

अशात एका सकाळी बायकोने चहा पुढे ठेवत सांगितलं, की बहिणीच्या गावी शिवणाचा क्लास काढायला खोली घेतली आहे. पुढच्या महिन्यापासून ती तिथेच राहणार. त्यांना यायचं तर यावं.

सरांना लगेच कटाचा वास आला. इतकी वर्षं ही बाई जागची हलली नव्हती. धक्का दिला कोणी? मेहुणी तर कान फुंकण्यात पटाईत. शेजारणीचं येणं आताशा वाढलं होतं. आणि सून फोनवर सासूशी हसून बोलायची, हे तर उघडच संशयास्पद.

प्रयोगशाळेत ते एकेक कारण बाजूला काढून पाहत. घरातही तेच केलं. शेजारणीला असं काही तुसडं बोलले की तिने येणंच बंद केलं. फोन 'बिघडला'. मेहुणीला परस्पर कळवलं, हिला बरं नाही, इतक्यात येऊ नकोस. मग पेपराआडून पाहत राहिले. बायकोने शिवणाच्या मशीनला तेल दिलं. कात्र्यांना धार लावून आणली. वेग तसूभरही कमी झाला नाही.

सरांनी पेपर खाली ठेवला. जोर काढून घेतल्यावरही जी चालत राहते, ती वस्तू आधीपासूनच चाललेली असते. हे त्यांनीच पोरांच्या डोक्यात कोंबलं होतं. म्हणजे ती निघाली कशाने हा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं अडली कशाने?

संशयितांत आता एकच जण उरत होता. तरी खात्री केलेली बरी, म्हणून ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुला आजवर कोणी अडवलं होतं का गं?"

तिने दोरा दाताने तोडला. "अडवलं कुणी नाही. तुम्ही दारात उभे असायचा, एवढंच. सरका, मशीन बाहेर काढायचंय."

सर सरकले. हे आपण आपणहून केलं की तिच्या बोलण्याने, हा संशय त्यांना जिना उतरेपर्यंत छळत राहिला; मशीनचं एक टोक त्यांच्याच हातात होतं.