मोठ्या सरांनी स्टाफ खूश ठेवला

कोचिंग क्लासमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तुम्ही नुसतं ऑफिसच्या खुर्चीत बसा, फॉर्म द्या, टाइमटेबल लिहा. किस्से आपोआप साचत जातात. मी मूळची बिलोलीची, लग्न होऊन लातुरात आले आणि पुढची कितीतरी वर्षं हेच केलं. पोरांचे रोल नंबर आता एकही आठवत नाहीत. किस्से मात्र सगळे जागच्या जागी आहेत.

भूकंपानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. गल्लीगल्लीत क्लास निघत होते. औशाहून, चाकूरहून आईबाप पोराची ट्रंक आणि गादी घेऊन एसटीतून उतरायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "फिजिक्सला कोण हाय?"

आमच्याकडे फिजिक्सला कांबळे सर होते. बारीक, अबोल माणूस, पण बोर्डासमोर उभे राहिले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पेन खाली ठेवून ऐकायची. नांदेडचा एक क्लास त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. ते गेले तर पोरं त्यांच्यामागे जाणार आणि आमच्या नोकऱ्या पोरांमागे, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. क्लासचे मालक मोठे सर, पूर्वीचे गणिताचे मास्तर, त्यांची तर झोपच उडाली होती.

त्याच धास्तीत ते पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि एक वाक्य घेऊन परत आले : "कर्मचारी खूश, तर धंदा खूश!"

झालं. आमचे हाल सुरू झाले.

*

दुसऱ्याच दिवशी मोठे सर सकाळी दारात उभे. येईल त्याचा हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून विचारायचे, "तुम्ही इथं आनंदी आहात ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला "उशीर का झाला?" एवढंच विचारलं होतं. केमिस्ट्रीचे बिराजदार सर जागच्या जागी पांढरे पडले. तसेच माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, खरं सांगा, मला काढून टाकून राहिले का?"

"नाही हो सर, सगळ्यांनाच विचारतायत."

"म्हंजी सगळ्यांनाच काढून राहिले!"

दुपारपर्यंत तिघांनी दुसरीकडे अर्ज लिहून ठेवले होते.

*

मग सूचनापेटी आली. लाकडी, कुलूपबंद. "नाव लिहायचं नाही. मनात असेल ते मोकळेपणानं लिहा," मोठे सर म्हणाले. पण एकमेकांचं अक्षर ओळखत नाही असा मास्तर कुठे असतो? कुणी डाव्या हातानं लिहिलं, कुणी बायकोकडून लिहून आणलं.

आठवड्यानं पेटी उघडली आणि सगळ्या चिठ्ठ्या नोटीस बोर्डावर लागल्या. प्रत्येकीवर लाल पेनानं मार्क! हाडाचा मास्तर, कागद हातात आला की हात थांबतोय थोडाच? "पंखे दुरुस्त करा" या चिठ्ठीवर सात मार्क आणि शेरा : "मुद्दा बरोबर, कारणे द्या." कुणीतरी दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं सुट्टी मागितली होती. त्या चिठ्ठीला चार मार्क. "उत्तर त्रोटक."

बिराजदार सर तडक केबिनमध्ये. "सर, हे चार मार्क मला पटले न्हाईत. रीचेकिंग करा!"

मोठ्या सरांनी खरंच चिठ्ठी परत तपासली आणि साडेचार दिले.

एका चिठ्ठीवर मात्र मार्क नव्हते. कांबळे सरांनी दोनच शब्द लिहिले होते : "काही नको." मोठे सर ती चिठ्ठी खिशात घालून फिरायचे. "मॅडम, काही नको म्हणणारा माणूस जायचं ठरवूनच बसलेला असतो हो," असं मला हळूच म्हणाले. तेव्हा मात्र मला त्यांचं वाईट वाटलं.

*

पुढचा प्रयोग म्हणजे 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी'. बक्षीस काय, तर तिसऱ्या मजल्यावरची आतली केबिन. कूलर, गुबगुबीत खुर्ची, पडदे.

आता लातूरच्या माणसाला तिसरा मजला बक्षीस म्हणून द्यायचा! भूकंपानंतर आमच्या स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्चीसाठी मास्तर लोक पंधरा मिनिटं आधी यायचे. खाली ट्रक गेला आणि टेबलावरचं पाणी हललं की सगळ्यांची बोलणी बंद. त्यावरून आम्ही एकमेकांना खूप चिडवायचो, पण ती पहाट कुणीच विसरलेलं नव्हतं. मीसुद्धा चपला पायातच ठेवून काम करायची.

पहिला मान बिराजदार सरांना मिळाला. टाळ्या झाल्या, हार झाला. सर वर गेले आणि गुबगुबीत खुर्ची उचलून जिन्यात आणून बसले. महिनाभर जिन्यातच पेपर तपासले. येणारी-जाणारी पोरं त्यांना ओलांडून जायची.

महिना संपला तसे ते मोठ्या सरांना हात जोडून म्हणाले, "सर, एकदा चूक झाली. परत असलं चांगलं काम करनार न्हाई!"

पुढचा महिनाभर अख्खा स्टाफ जपून, बेतानं काम करत होता.

*

शेवटी आला हास्याचा तास. पहिल्या बॅचच्या आधी सगळ्यांनी गेटासमोर गोल उभं राहायचं, हात वर करायचे आणि मोठ्यानं हसायचं. कांबळे सरही हात वर करून उभे राहायचे. ते हसतायत का, हे बघण्याच्या नादात मोठे सर स्वतः हसायचे विसरायचे.

एकदा आमचं हे हसणं चालू असताना औशाचे एक पालक पोराला घेऊन आले. बघतच राहिले.

"कोन आला वो पहिला?" त्यांनी बिराजदार सरांना विचारलं.

"अजून परीक्षा व्हायचीय."

"परीक्षेच्या आदीच एवढे खूश? मग लई पक्कं काम दिसून राहिलंय!"

त्यांनी दोन फॉर्म नेले, एक पोराचा, एक पुतण्याचा. मोठे सर दिवसभर सांगत होते, "बघा! स्टाफ हसला की ॲडमिशन वाढतं!"

*

आणि तरीही कांबळे सर एका सकाळी नांदेडला गेले. दुप्पट पगार, राहायला फ्लॅट, फक्त एक डेमो लेक्चर द्यायचं होतं. त्या दिवशी आमच्याकडे कुणी हसलं नाही.

कांबळे सरांची एक सवय मोठ्या सरांना माहीत नव्हती. तास संपला की ते मागे पाण्याच्या टाकीपाशी जायचे. तिथे आमच्या शेवंतामावशी कपबश्या विसळत असायच्या. चहा त्यांचा, झाडलोट त्यांची, शिक्षण चौथीपर्यंत. सर त्यांना तासाला जे शिकवलं ते साध्या भाषेत सांगायचे. मावशींनी "हाव, कळलं" म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुढचा धडा. एकदा वर फेकलेल्या दगडाचं चाललं होतं. मावशी म्हणाल्या, "वर जाऊन थांबला म्हन्ता, मग खाली कशाला येतो?" सरांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचला तो धडा पहिल्यापासून शिकवला.

नांदेडला काय झालं, ते मला माझ्या मावसबहिणीनं फोनवर सांगितलं. ती त्याच क्लासच्या ऑफिसात होती. डेमो झाला, टाळ्या झाल्या, मालकांनी करारपत्र पुढे केलं. सरांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं चहा कोण करतं?"

मालक खुशीत म्हणाले, "सर, आपल्याकडं मशीन हाय! बटन दाबलं की चहा!"

सर दुपारच्या एसटीनं निघाले.

दुसऱ्या दिवशी मोठे सर गेटातच उभे होते. "काय... काय ठरलं, सर?"

"जमलं न्हाई. तिथला चहा बरा न्हाई."

मोठ्या सरांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं.

कांबळे सर पहिला तास संपवून मागे गेले. मावशींनी मान वर केली नाही. हातातली बशी विसळत म्हणाल्या, "परवा कुठवर आलतो आपन?"