दादाची पंधरा दिवसांची गोळी

माझा मोठा भाऊ बंदरावर क्रेन चालवायचा. चार मजले उंच केबिनमध्ये बसून ट्रकएवढे कंटेनर जहाजातून उचलायचा आणि आखलेल्या चौकटीत अलगद ठेवायचा. खाली कुणाच्या कपातला चहासुद्धा हलत नाही, अशी त्याची फुशारकी. ती खरीही होती.

दरवर्षी कंपनीचा डॉक्टर सगळ्या क्रेनवाल्यांना तपासायचा. रक्तदाब वाढलेला दिसला की केबिन बंद, थेट गोदामात बदली. म्हणून आमचे दीडशहाणे दादा तपासणीआधी पंधरा दिवस इमानेइतबारे गोळी घ्यायचे. आकडा उतरला, कागदावर शिक्का बसला, की गोळ्या कपाटात.

"अरे, ती रोज घ्यायची असते," मी कानीकपाळी ओरडायचे.

"मला होतंय काय पण? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. उगाच कशाला?"

आपण डॉक्टरला फसवतोय, असं त्याला अकरा वर्षं वाटत होतं. मग एका सकाळी बूट पायात जाईनात. पाय टम्म सुजलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढलेल्या दाबाने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या इतकी वर्षं गुपचूप खराब होत होत्या. आता दोन्ही किडन्या गेल्यात जमा. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडून पडायचं. असा धिप्पाड माणूस पाणीसुद्धा मोजून पिऊ लागला. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि राग ओसरला की रडू यायचं.

वहिनीची किडनी जुळली नाही. माझी जुळली. "माझी घे," म्हटलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी दादा हसला.

पुढच्या तपासणीत नर्सने माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. एकशे ऐंशी, एकशे दहा. मग लघवीतही दोष निघाला.

"तुमच्याही किडनीला इजा झालीय. ती घेता येणार नाही. याआधी दाब कधी मोजला होता?"

कधीच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दादा मशीनच्या खाटेवर होता. मी सगळं सांगितलं.

"तुला फार झालंय का गं?" त्याने आधी हेच विचारलं.

"गोळ्यांनी आटोक्यात येईल म्हणतात."

त्याने मान हलवली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मग माझं काय गं?"