पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

"हात धुऊन या, बाई."

साहेब हे म्हणाला तेव्हा माझा उजवा हात कीबोर्डवर होता. नुसता ठेवलेला. एकही बटन दाबलं नव्हतं.

ब्रह्मपुरीतल्या एका हायस्कुलाची संगणकाची खोली. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत चाळीस शिक्षक, आठ संगणक. साहेब नागपूरहून आला होता. संगणक आणि इंटरनेट वर्गात कसं वापरायचं ते आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना शिकवायला. हजेरीपटावर त्याने माझं आडनाव वाचलं. गाव वाचलं. मग माझ्या हाताकडे बघितलं.

"ढिवर ना तुम्ही? तलावावरच्या?"

"हो."

"मग धुऊनच या. मशीन महागाची आहे. मासोळीचा वास बसला तर जायचा नाही."

पुढच्या रांगेतले हसले. मी त्या दिवशी मासोळीला शिवलेही नव्हते. शिवले असते तरी काय? त्याच मासोळीवर मी डी.एड. केलं. बाप गळाभर पाण्यात उभा राहून जाळं ओढत होता, म्हणून मी त्या खुर्चीपर्यंत पोचले होते. पण हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी उठले. नळावर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. त्याचं बोलणं मला तेवढं जाळत नाही. माझं धुणं जाळतं.

परत आले तर माझ्या खुर्चीवर शहरातल्या शाळेचे एक सर बसले होते.

"मागे बसा," साहेब म्हणाला. "अक्षर चांगलं असेल तुमचं. लिहून घ्या."

मागे आम्ही सतरा-अठरा जण होतो. सगळे जंगलपट्ट्यातल्या शाळांतले. दहा दिवस आम्हाला पुढच्यांच्या पाठी दिसल्या. पाठींच्या फटीतून थोडा निळा उजेड. वीज गेली की साहेब टिपणं सांगायचा. कीबोर्डवर ए ते झेड अक्षरं असतात, लिहा. तीन ओळी, दहा, नऊ, सात, लिहा. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येतं, लिहा. आम्ही लिहिलं. शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. तीही कागदावर. मी पहिली आले. संगणक हाताळण्यात पारंगत, असं शिक्क्यासकट प्रमाणपत्र मिळालं.

माझी शाळा तालुक्याच्या टोकाला, जंगलाला लागून. मी तिथे शिक्षणसेवक. तीन वर्षं मानधनावर काढायची, शेरा चांगला पडला तर कायम. माझं तिसरं वर्ष चालू होतं. घरात पगार आणणारी मी पहिली. सगळं त्या शेऱ्यावर अडलेलं.

त्याच वर्षी शाळेला एक संगणक मिळाला. हेडमास्तरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, बायकोच्या जुन्या साडीचं आच्छादन शिवलं आणि आपल्या खोलीत कुलूप लावून ठेवला. मी चावी मागितली.

"बिघडला तं कोण भरून देईन?" ते म्हणाले. "तुमी आधी कायम व्हा बाई. मंग बोला."

मी वर्गावर परत गेले. मग वरून आदेश आला. प्रशिक्षित शिक्षिकेने बाकीच्यांना तयार करावं, महिन्याभराने साहेब तपासणीला येतील.

प्रशिक्षित म्हणजे मी.

मी फळ्यावर कीबोर्ड काढला. टिपणात होतं तसा. तीन ओळी, दहा, नऊ, सात. पहिल्या चौकोनात ए, मग बी, मग सी, थेट झेडपर्यंत. खरा कीबोर्ड एक मिनिट माझ्या हाताखाली होता. अक्षरं दिसली होती. क्रम कोण बघतो? ए नंतर बी येणार, दुसरं काय येणार, असंच मला वाटलं.

आमच्या शाळेत मडावी गुरुजी होते. गोंड. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी मला विचारलं होतं.

"बाई, तुमी सोता चालवून पाह्यली ना मशीन?"

"हो गुरुजी."

प्रमाणपत्र होतं ना माझ्याकडे. शिक्का होता.

गुरुजींनी वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. त्यावर माझा कीबोर्ड पेनने उतरवून घेतला. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसायचे, मांडीवर पुठ्ठा. पोरं भोवती गोळा. एखादं ओरडायचं, "गुरुजी, के!" की बोट बरोबर के वर. पंधरा दिवसांत ते डोळे मिटून करू लागले.

"पोट्ट्यायनं पैज लावली बाई," ते हसायचे. "गुरुजी पास होते का नापास."

तपासणी केंद्रशाळेत झाली. तिथे टेलिफोन होता. संगणकाला तार जोडली, किरकिर वाजलं, आणि साहेब म्हणाला, आता इंटरनेट आलं. आपण जिल्ह्याला निरोप पाठवू. प्रत्येकाने आपलं नाव टाईप करा.

कोणी पुढे होईना. मडावी गुरुजी उठले. सदऱ्याला हात पुसले, खुर्चीवर बसले, आणि कीबोर्डकडे न बघता आपलं आडनाव लिहिलं. छपराकडे बघत. सहा वेळा बोट पडलं. एकदाही अडखळलं नाही.

पडद्यावर उमटलं, डी क्यू आर क्यू सी ओ. माझ्या फळ्यावर एम जिथे होता तिथे खऱ्या कीबोर्डवर डी होता, ए च्या जागी क्यू.

"वा गुरुजी," साहेब म्हणाला. "हे कोणत्या भाषेत? गोंडीत का?"

खोली हसली. मागे खिडकीशी बसलेलेही हसले. साहेबाने डोळे पुसले. गुरुजींनी पडद्याकडे बघितलं. मग खाली कीबोर्डकडे. मग माझ्याकडे, एकदाच. बाईंनी असंच शिकवलं, एवढं म्हणाले असते तर सुटले असते. ते म्हणाले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. माझं हसं त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं होतं.

 मी उभी राहिले.

"त्यांचं चुकलं नाही. मी चुकीचं शिकवलं. मी ही मशीन कधी चालवलीच नाही."

"तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे, बाई."

"तुम्हीच दिलं. दहा दिवस मागे बसवून दिलं."

हेडमास्तरांनी माझा पदर ओढला. "बसा न बाई. तिसरं वर्ष हाये तुमचं."

साहेबाचं हसू गेलं होतं. "लेखी द्याल हे?"

"कागद द्या."

चार ओळी लिहिल्या. मी संगणक हाताळलेला नाही. मला हाताळू दिला नाही. माझ्यासोबत मागे बसलेल्यांनाही नाही. हे प्रमाणपत्र परत करत आहे. फाईलीतून प्रमाणपत्र काढलं, वर ठेवलं, खाली सही केली. साहेबाने कागद घेतला. मागच्या बाकांवरून कोणी हसलं नाही. कोणी उभंही राहिलं नाही.

बसथांब्यावर मी गुरुजींची माफी मागितली.

"खोटं काऊन बोल्ल्या बाई?" ते म्हणाले. "येत नाई मनलं असतं तं दोघं मिळून कुलूप तोडलं असतं. आता हे बोटातून काढू कसं, सांगा."

 बस आली. ते माझ्या शेजारी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चावीसाठी हेडमास्तरांच्या दारात बसले. वर्ग सुटला की दार. तिसऱ्या दिवशी गुरुजी आले आणि न बोलता बाजूला बसले. चौथ्या दिवशी चावी मिळाली. खऱ्या कीबोर्डवर गुरुजींचं बोट अजून जुन्या जागी जातं. मग शिवी हासडतात, "हा क्यू इथी कोण्या बैताडानं बसवला!" आणि पुन्हा सुरुवात करतात. माझ्याशी ते कामापुरतंच बोलतात.

तीन वर्षं संपली. मी कायम झाले नाही, अजून मानधनावरच आहे. खुलासे मागवले आहेत, फाईल वर अडली आहे. घरी आई विचारते, मी सांगते, अडली आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा प्रशिक्षण आहे. साहेब तोच आहे. मी जाणार. कोणी सांगो न सांगो, संगणकासमोर बसणार. माझी दहा मिनिटं झाली की उठून मागच्याला बसवणार, मग त्याच्या मागच्याला. साहेब आडवा आला तर तिथेच उभी राहणार. आणि भिंतीला टेकून बसलेल्या शेवटच्या शिक्षकाचं बोट बटनावर पडत नाही तोवर त्या हजेरीपटावर माझी सही होणार नाही.