चामड्याची बाही

आमच्या देवासच्या गल्लीत एक दत्तमंदिर आहे. फार मोठं नाही. माझ्या सासरच्या घराण्याचं, संस्थानच्या काळापासूनचं, आणि आता आजूबाजूच्या मराठी घरांचं मिळून. त्याच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक ताड उभा आहे. भिंतीच्या पलीकडे चपला ठेवायची पत्र्याची शेड. हा ताड तिथे कोणी लावला ते आता कोणालाच सांगता येत नाही, पण तो तोडायचं नाव काढलं की सगळे कानांवर हात ठेवतात. देवाच्या दारातलं झाड, त्याला कुऱ्हाड लावायची नाही.

ताडाची वाळलेली पानं पटकन गळत नाहीत. शेंड्याखाली लोंबत राहतात आणि मग कधीतरी, वारा नसतानासुद्धा, एखादं निसटतं. पान म्हणजे काही हातपंखा नव्हे. देठासकट माणसाएवढं लांब, आणि देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काळे दाते. एकदा आरतीला उभ्या असलेल्या माझ्या जावेच्या खांद्यावर असं पान पडलं आणि टाके घालावे लागले. तेव्हापासून दत्तजयंतीच्या आधी दरवर्षी झाड साफ करायचं ठरलं, आणि आमचे हे रिटायर होऊन देवासला आल्यावर ते काम आपोआप ह्यांच्या गळ्यात पडलं.

हे बिजली विभागात लाइनमन होते. नोकरी बहुतेक धार जिल्ह्यात, त्यातही कुक्षीला जास्त. तिकडे ताडीची झाडं चिक्कार. सुट्टीच्या दिवशी हे ताडी उतरवणाऱ्यांबरोबर रानात जाऊन बसायचे. आमच्या घरचा मुलगा ताडीवाल्यांच्या संगतीला लागला म्हणून सासूबाईंनी देव पाण्यात घातले होते. पण हे ताडी पीत नव्हते, झाडावर चढायला शिकत होते. खांबावर चढून चढून कंटाळा आला नाही का, असं मी विचारलं तर म्हणायचे, खांब मेलेला असतो, झाड हलतं. असलं काहीतरी बोलायचे आणि स्वतःच हसायचे.

चढायची रीत मला आता पाठ झाली आहे, इतक्या वेळा खाली उभी राहून बघितली. पायांत दोराचा फास. कमरेचा जाड सुती पट्टा खोडाभोवती घ्यायचा, मागे रेलून अंगाचा भार त्याच्यावर टाकायचा. पट्टा वर सरकवायचा, पाय ओढून घ्यायचे, परत पट्टा. शेंड्यापाशी पोचलं की हिरव्या देठांच्या बुडातून दुसरा दोर टाकून बांधायचा, झटका देऊन बघायचा, आणि मगच कोयत्याला हात लावायचा. धोका असतो तो शेंड्यापाशी पोचणं आणि हा दोर बांधणं ह्यांच्या मधे. शेंड्याखाली जुन्या देठांचे खुंट राहिलेले असतात, दात्यांसकट. दुसरा दोर बांधून होईपर्यंत सगळा जीव त्या एका पट्ट्यावर असतो आणि पट्टा त्या दात्यांवर घासत असतो. म्हणून ह्यांनी कुक्षीच्या मोचीकडून म्हशीच्या जाड चामड्याचं एक वेष्टण शिवून घेतलं होतं, पट्टा जिथे झाडाला टेकतो बरोबर तेवढ्या भागावर. त्याला हे बाही म्हणायचे. निसरपुरात धरणाचं पाणी चढायच्या आधी खांबांवरच्या तारा उतरवायला गेले तेव्हाही हाच पट्टा कमरेला होता. घरात दुसऱ्या कशाची नाही इतकी त्या बाहीची काळजी. तेल काय लावायचे, उन्हात काय ठेवायचे. मी चिडवायची, लग्नाच्या शालूला कधी एवढं जपलं नाहीत.

मंदिराचा कारभार आधी माझे सासरे बघायचे. ते गेल्यावर तो त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे काकासाहेबांकडे आला. सोवळंओवळं आमच्याकडे सगळेच पाळतात, पण काकासाहेबांचं म्हणजे काही विचारू नका. आल्याआल्या त्यांनी फाटकावर पाटी लावली, चामड्याची वस्तू आत आणू नये. पोरांचे कमरपट्टे काढायला लावले, पाकिटं बाहेर ठेवायला लावली. बायकांच्या पर्ससुद्धा तपासायचे. पोरं पाठीमागे म्हणायची, भिया, यहाँ तो एअरपोर्ट खुल गया. मला मनातून हसू यायचं. तेव्हा यायचं.

त्याच वर्षी झाड साफ करायच्या आदल्या संध्याकाळी हे पट्टा, दोर आणि कोयता घेऊन मंदिरात ठेवायला गेले. मी बरोबर होते. काकासाहेबांनी पट्टा हातात न घेताच बाहीकडे बोट दाखवलं. हे म्हणाले, हो काका, चामडं आहे, त्याशिवाय भागत नाही. मग काकासाहेबांनी सुरू केलं. इतकी वर्षं हे असंच आत येत होतं का? दादांनी कसं चालवून घेतलं? झाड अंगणात आहे म्हणजे देवाच्या हद्दीत आहे, शिवाय देवाच्या कळसाच्या वर जाऊन चामडं लावायचं म्हणजे काय. आवाज चढवला नाही त्यांनी. ते आवाज चढवतच नाहीत, तीच पंचाईत.

मी म्हटलं, मग सायकलची ट्यूब गुंडाळू, रबराला तर सोवळं नाही ना. पण काकासाहेब तोवर गाभाऱ्यात गेले होते. बाहेर आले ते देवाच्या अंगावरचं रेशमी उपरणं घेऊन. ह्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं आणि म्हणाले की ते चामडं उसवून टाक आणि हे गुंडाळ, महाराजांचं वस्त्र आहे, ह्याच्याहून भक्कम काय असणार.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकासाहेब, झाडावर महाराज नाही चढायचे. हे चढायचेत."

काकासाहेब माझ्याकडे बघितल्यासारखं करून दुसरीकडे बघू लागले. ह्यांनी मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. लहानपणी ह्यांचे वडील फिरतीवर असायचे, तेव्हा ह्यांना संध्या शिकवली ती काकासाहेबांनी, पोहायला शिकवलं ते काकासाहेबांनी, तापात मांडीवर घेऊन बसले तेही काकासाहेबच. त्यांच्या हातून देवाचं वस्त्र मिळालं आणि ते नको म्हणायचं, हे ह्यांच्याच्याने झालं नसतं. साधं फडकं असतं तर भिरकावून दिलं असतं. हे तर प्रसाद म्हणून दिलेलं.

रात्री जेवणानंतर हे ओसरीवर बसून बाही उसवत होते. कुक्षीच्या मोचीची शिवण, सहज सुटेना. मी ट्यूबचा तुकडा आणून समोर ठेवला. म्हणाले, उपरण्याच्या खाली ट्यूब लावली तर काकांना कळेल, त्यांना वाटेल विश्वास नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. उपरणं घट्ट पीळ देऊन पट्ट्याला गुंडाळलं, सुतळीने बांधलं, ओढून बघितलं. मला म्हणाले, एवढ्याशा वेळाचा प्रश्न आहे, दुसरा दोर पटकन टाकीन.

सकाळी अंगणात आठदहा माणसं. काकासाहेब पाटावर जप करत बसलेले. हे चढले. नेहमीसारखेच, सावकाश, मधे एकदा थांबून खाली बघून हात हलवला. शेंड्यापाशी पोचले. मागे रेलले. दुसरा दोर टाकायला हात वर केला आणि तो नेम चुकला, दोर देठांच्या अलीकडूनच परत आला. तो गोळा करून परत टाकण्यात जरा वेळ गेला. तेवढाच. मला खालून रेशमाचे धागे सुटलेले दिसत होते. मी ओरडले, अहो खाली या, खाली या. ह्यांनी ऐकलं असावं, कारण मान वळवली. मग पट्टा तुटला.

भिंतीच्या पलीकडे चपलांच्या शेडवर पडले. पत्रा वाकला, फाटला, आणि हे आत, सगळ्यांच्या जोड्यांच्या ढिगात. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते. कोणाची तरी चप्पल गालाखाली होती. ती काढायला गेले तर शेजारचा मुलगा ओरडला, काकी, हिलाना मत, हिलाना मत. मग ती तशीच राहिली, गाडी येईपर्यंत.

इंदूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पत्र्यामुळे वाचला म्हणाले डॉक्टर. कमरेखालचं काही वाचलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, दत्ताची कृपा. मी चहा करायला उठून आत जायची. काकासाहेबही आले, अंगारा घेऊन. ह्यांच्या कपाळाला लावून पलंगापाशी खालीच बसले. मला दया यायला हवी होती. नाही आली, खोटं कशाला बोलू. ते रडले आणि मी भिंतीकडे बघत बसले. तुटलेल्या पट्ट्याबद्दल, बाहीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि ह्यांनीही नाही. मला म्हणायचे, त्यांचं वय बघ. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. अहो, वाईट असतं तर बरं होतं, निदान भांडता आलं असतं.

ह्यांचं एकच मागणं होतं. पुढच्या दत्तजयंतीला मंदिरात जायचं. पलंगावर पडल्यापडल्या तेच. पडायच्या आधी जन्माची आरती कधी चुकली नव्हती, कुक्षीहूनसुद्धा रात्रीच्या बसने यायचे. म्हणजे व्हायला हवं एवढंच, खुर्चीत तासभर बसता आलं पाहिजे. त्यासाठी पाठीला इंदूरहून मापाचं जाकीट करून आणलं, कडक, पुढून आवळायच्या चामड्याच्या पट्ट्या असलेलं. सुरुवातीला दहा मिनिटांत घामाघूम व्हायचे, दात आवळून बसायचे. मार्गशीर्ष लागला तेव्हा तासभर बसू लागले.

जयंतीच्या दिवशी मी खुर्ची ढकलत गल्लीतून नेली. ताडाला त्या वर्षी कोणी हात लावला नव्हता. नगर निगमची उंच गाडी गल्लीत वळत नाही, आणि वर चढायला कोण येणार. वाळकी पानं शेंड्याखाली दाट लोंबत होती. त्यांच्यातच एका खुंटाला उपरण्याची चिंधी अडकलेली, पावसाने रंग गेलेली. ह्यांनी वर बघितलं, मीही बघितलं.

फाटकाशी काकासाहेब उभे होते, पाटीच्या खाली, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत. ह्यांना बघून पुढे आले, खुर्चीच्या हातावर हात ठेवला. बायका बाजूला झाल्या, वाट मोकळी झाली. मी खुर्ची उंबऱ्यावरून चढवायला मागे कलती केली, तर ह्यांनी दोन्ही हातांनी चाकं धरली.

"काका," हे म्हणाले, "जाकिटाला चामडं आहे. काढलं तर बसता येत नाही."

काकासाहेबांनी पट्ट्यांकडे बघितलं. मग मान हलवली. "असू दे रे बाळा. देवाला सगळं कळतं. तू आत ये."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. राग नव्हता चेहऱ्यावर, तेच मला सोसवेना. अगदी हळू, फक्त आम्हा दोघांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मग तेव्हाही कळलं असतं, काका."

काकासाहेबांचा हात खुर्चीवरून खाली आला. आतून कोणीतरी त्यांना हाका मारत होतं, पाळणा सजवून झाला होता. ते हलले नाहीत. ह्यांनी चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि मला म्हणाले, घरी चल.

मी खुर्ची वळवली. वर्षभर हे ज्याच्यासाठी दात आवळून बसायला शिकले ते दार आमच्या पाठीमागे राहिलं. कोपऱ्यापर्यंत आलो तर म्हणाले, थांब. मला वाटलं, मन बदललं. तसं काही नव्हतं. म्हणाले, बायका ताडाखाली बसल्या आहेत, पानं पार सुटलीत, परत जाऊन सांग, त्यांना त्या बाजूला बसवू नका.

मी परत गेले. सांगायला तोंड उघडावं लागलं, ते काकासाहेबांपुढेच, कारण ते अजून फाटकात तसेच उभे होते. त्यांनी ऐकलं, आत गेले आणि बायकांना उठवून सतरंजी स्वतः ओढून दुसऱ्या बाजूला नेली. म्हाताऱ्याला ओढवत नव्हती. मी मदतीला गेले नाही. हे कोपऱ्यावर एकटे बसले होते आणि त्यांचा बसायचा तास संपत आला होता.