अक्कांचं रक्त

कुणाच्या घरी बाळ पाहायला गेलं की नाक आईचं की बापाचं यावर बायका तासभर बोलतात. माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, त्यात कधी पडल्या नाहीत. त्या बाळाची टाळू हुंगायच्या, पायाची बोटं मोजायच्या आणि म्हणायच्या, "हातपाय धड शेतस ना? मंग बठ्ठं शे." बठ्ठं म्हणजे सगळं. माझी आरू झाली तेव्हाही एवढंच बोलल्या. मी जळगावात वाढलेली, त्यांची अहिराणी मला निम्मीच कळायची. वाटलं, मुलगी झाली म्हणून नाराज असतील. पण पुढे सव्वा महिना आरूला न्हाऊ घालायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

भडगावजवळच्या आमच्या गावात अक्का मितभाषी म्हणून ओळखल्या जात. "बोलनं सोपं शे, निस्तरनं कठीन शे," असं त्या म्हणत. सासरे रेल्वेत रुळांच्या कामाला होते. काही वर्षं भुसावळच्या क्वार्टरात काढून दोघं गावी परतले. माझ्या लग्नाआधीच सासरे गेले. प्रकाश, माझा नवरा, एकुलता एक.

तो धुळ्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला होता. एका सोमवारी तो ज्या खासगी बसने निघाला, ती महामार्गावर टँकरला धडकून पेटली. ओळखू न येणारे चार देह धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात ठेवले होते. मला रडू येत नव्हतं. समोरच्या भिंतीवरची लसीकरणाची पाटी मी पुन्हा पुन्हा वाचत होते. आरू सहा वर्षांची, माझ्या मांडीवर झोपली होती.

रक्त घेणारे एक पोक्त गृहस्थ होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी सावकाश समजावलं. "प्रत्येक देहाची दाढ काढून ठेवली आहे. आगीतसुद्धा दाढेच्या आत डीएनए टिकतो. माणसाचा निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा बापाकडून. आता आजींचं रक्त घेतो. चौघांपैकी कुणाशी जुळतं ते प्रयोगशाळेत बघतील. पोरीला टोचायला नको."

अक्कांनी हात पदराखाली घेतला. "मन्हं नका ल्या."

"आजी, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त."

"सुईनं काय शे! मन्हं जुळनार नही."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतायत. भाऊ मात्र हातातली नळी खाली ठेवून थांबले.

"नही जुळनं तर काय व्हई?" अक्कांनी विचारलं.

"तर तुमचा मुलगा या चौघांत नाही असा अर्थ होईल. देह बेवारस राहील."

अक्कांनी झोपलेल्या आरूकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तो मन्हा पोटना नही शे."

भुसावळला शेजारच्या क्वार्टरातली बाई बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्याने दहा दिवसांचं पोर अक्कांच्या ओटीत दिलं, मुलखाला गेला आणि परतला नाही. अक्का गावी आल्या तेव्हा प्रकाश चालायला लागला होता. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे सगळं त्या भाऊंकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

भाऊ म्हणाले, "मग मुलीचं लागेल. आणि ताई, तुमचंही. मुलीतलं तुमचं निम्मं बाजूला काढलं की उरतं ते बापाचं."

अक्कांनी आरूला मांडीवर घेतलं, एका हाताने तिचे डोळे झाकले, दुसऱ्याने तिचा दंड घट्ट धरला. मग माझं रक्त घेतलं. कागदावर आम्हा दोघींची नावं पडली.

एसटी स्टँडवर मी विचारलं, "अक्का, यांना माहीत होतं?"

"नही. सांगसू सांगसू म्हनता बठ्ठी उमर गयी."

मला राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि बशी तशीच धरून बसल्या.

तिसऱ्या आठवड्यात अहवाल आला. चार देहांपैकी दुसरा प्रकाशचा होता. तो आम्ही गावी आणला, नदीकाठी दहन केलं. तोवर गावात बातमी पसरली होती. विहिरीवर बायका कुजबुजत. एकीने तर तोंडावर म्हटलं, "परकं पोर घरचं करून दाखवलं." अक्का नुसत्या म्हणाल्या, "खरं शे." आणि घागर उचलली. नंतर तीन वर्षं आम्ही तिघी त्याच घरात राहिलो. प्रकाशबद्दल आम्ही फार बोललो नाही. रोज सकाळी अक्का आरूची वेणी घालत, मी डबा भरत असे.

गेल्या माघात अक्का गेल्या. तिरडी बांधून झाली, तरी अग्नी कुणी द्यायचा हे ठरेना. भावकीतल्या एका आबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "रगतना कोन शे?"

मी पदर खोचला, विस्तवाचं मडकं उचललं आणि तिरडीपुढे चालू लागले.