आईची दाढ, माझी बाटली

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिच्या तोंडाला सगळा बाजार टरकून असायचा, आणि साठ सालाच्या आसपास त्याच तोंडात अक्कलदाढ आडवी उगवली. सूज उतरल्यावर दातांचे डॉक्टर म्हणाले, "आता घाई नाही. सवडीने हिरडी कापून काढू. पण आधी लघवी तपासायला आणा."

तीन दिवस रिकामी बाटली कोनाड्यात तशीच. "परक्या बाप्याच्या टेबलार माझी बाटली? माका जमाचा नाय!" एरवी पदर खोचून चारचौघांत भांडणारी बाई, आणि इथे लाजली. मी तेव्हा बाविशीची, घरी शिवणकाम करणारी, आणि डोक्याने तापट. दुखणं दाढेचं, त्याला हे सोपस्कार कशाला? चौथ्या दिवशी मीच बाटली भरली आणि आईची म्हणून दवाखान्यात दिली. "हुशार गो माझी बाय," आई जाताना वाटेत म्हणाली होती.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, शेवटी विटेसारखं लाल.

"साखर आहे बाई, भरपूर. न बघता कापलं असतं तर जखम चिघळली असती."

आईने माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी मला सारखी तहान लागायची. माझी पोलकी मी दोनदा उसवून आत घेतली होती. उन्हाळा बाधलाय, असं आम्ही म्हणत होतो. मी भयंकर घाबरले.

आईच बोलली, "डॉक्टरांनू, ती माझी नाय. ह्या चेडवाची आसा."

डॉक्टरांनी आम्हा दोघींना फैलावर घेतलं. मग आईने मुकाट्याने स्वतःची बाटली भरून दिली. तिचं औषध निळंच राहिलं. पुढच्या आठवड्यात तिची दाढ निघाली. मला इंजेक्शनं सुरू झाली ती कायमची.

दर आठवड्याला माझी लघवी तपासायची होती. बाटली घेऊन बाजारातून जायची आता मला लाज वाटू लागली. म्हणून आई न्यायची. डोक्यावर माशांची पाटी आणि हातात बाटली, सगळ्यांना दिसेल अशी. कुणी विचारलंच तर मासे विकायच्या आवाजात सांगायची, "माझ्या चेडवाची आसा. तपासूक नेतंय."