पुसलेल्या ओळी

देवापुढे बोललेलं वाक्य मागे घेऊन पुन्हा नीट बोलणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो बारामतीत आमच्याच गल्लीत राहत होता. आईनं त्यांना भाऊ मानलेलं, म्हणून ते आमचे मामा. पिंपळीच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी उपासनेची गीतं लिहायचे. त्यांना जेवणाआधी प्रार्थना करायला सांगणं म्हणजे कालवण थंड करून खाणं. "हे प्रभू, या अन्नाबद्दल," असं म्हणून ते थांबायचे. आम्ही डोळे मिटून वाट बघतोय, आणि मामा हळूच म्हणायचे, "मागचं सोड, देवा. अन्न नको, भाकरी म्हणू. या भाकरीबद्दल." तोवर माझ्या धाकट्या भावानं एका डोळ्यानं बघून भाकरीचा पापुद्रा उचललेला असायचा.

गीत लिहायची त्यांची रीत कुठल्याही कवीला शोभणारी नव्हती. कागदाला ते हात लावत नसत. शाळेतली दगडी पाटी, पेन्सिलीचा तुकडा आणि डबीत ओलं फडकं, एवढाच संसार. सायकलच्या मागं डबा बांधावा तशी पाटी धडप्यात गुंडाळून बांधायचे. आठ दिवस पाटीवर टिकेल तीच ओळ खरी, असा नियम. एकदा पिंपळीहून येताना वळवाची सर आली आणि आख्खं गीत धुऊन गेलं. आई हळहळली, तर मामा सदरा पिळत म्हणाले, "वरूनच दुरुस्ती आली, अक्का. मला शंका होतीच."

आणि ओळ टिकली की नाही हे ठरवायचं कुणी? पाळकसाहेबांनी नाही, पुण्याच्या शिकलेल्या मंडळींनी नाही. ठरवायची जळोचीची सारजाबाई. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन ती बाजाराला यायची. मामा तिच्याबरोबर सायकल ढकलत चालायचे आणि ओळ म्हणून दाखवायचे. तिनं ती चालता चालता गायची. ओळ संपताना तिच्या छातीत दम उरला तर ओळ राहिली, नाहीतर फडकं निघालं.

आता माझ्याबद्दल सांगते. मी तेव्हा सतरा वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली, दोन वेण्या आणि डोक्यात नुसती हवा. मला ही सगळी पुसापुशी पाप वाटायची. पवित्र आत्म्यानं दिलेले शब्द, आणि हा मास्तर ते वांगी विकणाऱ्या बाईला विचारून खोडतो! प्रेरणा कशी येते ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण ती मला आली होती. कालव्यावर धुणं धुताना मी आभाळाकडे तोंड करून डोळे मिटले, आणि सोळा कडव्यांचं गीत सुचलं. त्यात 'अगाध' हा शब्द नऊ वेळा होता. डोळे उघडले तेव्हा बाबांचा सदरा सणसरच्या दिशेनं बराच पुढे गेला होता. घरी आईनं मला सदऱ्याचं विचारलं, मी तिला गीत ऐकवलं. तिनं सोळाही कडवी ऐकली आणि पुन्हा सदऱ्याचं विचारलं. पण मी एक काना बदलला नाही.

मामांचं गीत पक्कं झालं की स्वच्छ अक्षरात उतरवायचं काम माझं. ती प्रत मागेल त्याला ते देऊन टाकत, जवळ ठेवत नसत. मी मात्र चोरून एक वही केली होती. पाटीवर ओळ पहिल्यांदा उमटली की मी ती पुसायच्या आत वहीत उतरवून घ्यायची. मूळ देववाणी जपायला नको का कुणी?

त्या वर्षी कापणीच्या सणाला इंदापूरला आसपासच्या साऱ्या मंडळ्या जमणार होत्या, पुण्याहून पाहुणे येणार होते. आमच्यात त्या दिवशी जो तो आपल्या शेतातलं काहीबाही टोपलीत घालून, गात गात वेदीपुढे नेऊन ठेवतो. त्या वेळी गायचं गीत मामांनी लिहायचं आणि ते छापायचं असं ठरलं. मामांचं काहीही छापून येण्याची ती पहिलीच वेळ. पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. आदल्या उन्हाळ्यात सारजाबाईची धाकटी लेक तापानं गेली होती. तेव्हापासून सारजाबाई उपासनेला यायची, उभी राहायची, पण तोंड उघडायची नाही. मामांच्या ओळीही ती आता नुसती ऐकून मान हलवायची. तिनं पुन्हा गावं, एवढ्यासाठी मामा ते गीत लिहीत होते.

तिसऱ्या कडव्यात त्यांनी आधी लिहिलं, "दिलेस तूच, नेलेस तूच, धन्य तुझी करणी." मला तर रडूच आलं, इतकं ते मला थोर वाटलं. सारजाबाईनं ऐकलं आणि टोपली सावरत म्हणाली, "खरं आसंल, मास्तर. पर माझ्या तोंडून न्हाय निघायचं. म्या कशी धन्य म्हनू?"

"नगं म्हणू," मामा म्हणाले आणि रस्त्यातच पाटी पुसली.

मग दोन महिने ते कडवं लिहिलं जात होतं आणि पुसलं जात होतं. शेवटी उरलं ते असं: "भरली टोपली घे रे देवा, रिकामी बी घे." सारजाबाईनं ते दोनदा म्हणून घेतलं, गायली नाही. "बघू," एवढंच म्हणाली.

पाळकसाहेबांना द्यायची प्रत मी लिहायला बसले, आणि माझा हात 'बी'पाशी अडला. पुण्याच्या पाहुण्यांपुढे, छापील कागदावर, 'बी'? मी वही काढली आणि पहिलं, पुसलेलं गीत सुंदर अक्षरात उतरवून पाकीट बंद केलं. देवाचीच बाजू घेतली असं मला वाटलं.

इंदापूरला कागद वाटले गेले. मामांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच पुटपुटले, "आता न्हाय गायची ती."

गीत सुरू झालं. टोपल्या पुढे निघाल्या, ऊस, कणसं, भोपळे. सारजाबाईच्या हातात टोपली होती, आणि तिच्यात काहीच नव्हतं. तिसरं कडवं आलं, सगळ्यांनी कागदात बघून "नेलेस तूच" म्हटलं. तिचे ओठ मिटलेले. मला पहिल्यांदा माझ्या सुंदर अक्षराची लाज वाटली. गीत संपलं, लोक बसायला लागले, पण ती वेदीपुढून हलेना. तिला कुठं माहीत कागदावर काय छापलंय. तिला जे पाठ होतं तेच गीत. तिनं टोपली खाली ठेवली आणि एकटीनं आवाज काढला. आधी घोगरा, मग जळोचीच्या रानातून ऐकू यायचा तसा. "भरली टोपली घे रे देवा, रिकामी बी घे." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पुण्याचे पाहुणेसुद्धा कागद खाली ठेवून तिच्यामागून म्हणत होते, 'बी'सकट.

परतीच्या यष्टीत मी मामांना सगळं कबूल केलं, देवानं दिलेली पहिली ओळ पुसू नये असं मला वाटतं तेही. वाटलं, आता वही मागतील. पण ते म्हणाले, "तुझं म्हणणं मला मान्य हाय, पोरी. पहिली ओळ तोच देतो. पण देऊन लगेच निघून जातो, हे तुला कुणी सांगितलं? मी पुसत असतो तवा बी तो शेजारीच बसलेला असतो." आणि थोड्या वेळानं, "ते तुझं कालव्यावरचं घेऊन ये उद्या. फडकं माझं वापर."

सोळा कडव्यांतलं दीड उरलं. त्यात 'अगाध' एकदाही नाही.

मामांना जाऊनही आता फार वर्षं झाली. त्यांनी वाटलेल्या प्रती कुठं कुठं गेल्या, सापडत नाहीत. माझी वही मात्र शाबूत आहे. म्हणजे त्यांनी जे जे पुसलं ते सगळं माझ्यापाशी आहे, सुंदर अक्षरात. जे ठेवलं, त्यातलं फार थोडं. कापणीच्या सणाला ते गीत मी अजून गाते. पहिलं कडवं येतं, तिसरं तर येतंच. मधलं पाटाच्या पाण्याचं होतं, ते आठवत नाही. वहीतलं पुसलेलं बघून म्हणता येईल, पण मी बघत नाही. तेवढा वेळ मी ओठ मिटून नुसती चाल धरते, आणि तिसरं सुरू व्हायची वाट बघते.